ती मान झोपेत हलली होती

उल्हासनगरच्या महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली ती दुपार. घरी तान्हे मूल होते, झोप कधीच पुरी होत नसे. स्टाफरूममध्ये जरा टेबलावर डोके टेकले आणि तशीच झोपून गेले. जाग आली तेव्हा खिडकीचा पडदा माझ्या बाजूने ओढलेला होता, तासाची घंटा कधीच होऊन गेली होती, आणि समोरच्या खुर्चीत एक उंच, सावळ्या बाई हातातल्या पेन्सिलीशी चाळा करत माझ्याकडे पाहत बसल्या होत्या.

मी घाबरून उठले. "अहो, माझा तास होता."

"तो झाला," त्या म्हणाल्या. "मीच जाऊन आले. मुलांना बेडकाच्या झोपेबद्दल सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे तुमच्या विषयाचं नुकसान नाही. परत आले तरी तुम्ही इथेच. पापण्या हलत होत्या तुमच्या. म्हणजे स्वप्नापर्यंत पोचला होतात. तिथून माणसाला ओढून आणू नये."

प्राणिशास्त्राच्या डॉ. नलिनी रोकडे यांच्याशी माझी झालेली ही पहिली ओळख. त्यानंतर आम्ही एकाच स्टाफरूममध्ये म्हाताऱ्या झालो. मी त्यांना नलिनीताई म्हणू लागले, त्या मला रेखा. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, बदलापुरात त्यांचा सत्कार होतो आहे आणि त्यानिमित्ताने निघालेला हा ग्रंथ तुमच्या हातात आहे. संपादक कुलकर्णी सरांनी माझ्याकडे लेख मागताना सांगितले होते, "रेखाताई, प्रसन्न लिहा. कडवटपणा नको." मला ते जमणार नाही. रागावलेल्या मुलीने आधी ग्लासभर पाणी प्यावे आणि मगच वहीला हात लावावा, असे आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत. मी पाणी पिऊन बसले आहे. राग गेलेला नाही.

राग कशाचा, ते आधीच सांगते, म्हणजे वाचकाला चाचपडावे लागणार नाही. नलिनीताईंनी उभे आयुष्य गीरच्या जंगलात झोपलेल्या सिंहांचे निरीक्षण केले आणि त्या झोपेच्या स्लाइड्स काढल्या. तो सगळा संग्रह सत्काराच्या मंचावर त्यांचे माजी विद्यार्थी अभिजित यांच्या हाती सोपवला जाईल, असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. नलिनीताईंनी याला संमती दिली, असे गौरव समितीच्या इतिवृत्तात लिहिले आहे. ही संमती त्यांनी दिलेली नाही. तो संग्रह तिकडे जाऊ नये म्हणून मी हा लेख लिहिते आहे, आणि गौरवही त्यातच आहे.

आता वाचकाने कृपा करून ग्रंथ मिटून एकदा मुखपृष्ठ पाहावे. एक आयाळवाला सिंह जबडा फाकून उभा आहे. खाली सोनेरी अक्षरांत "सिंहगर्जना" असे नाव आहे. सिंहाचे डोळे पाहा. ते घट्ट मिटलेले आहेत. जीभ बाहेर येऊन टोकाशी वळली आहे, ओठ मागे ओढलेले आहेत, सगळे सुळे दिसत आहेत. हा सिंह गर्जना करत नाही. जांभई देतो आहे. गर्जना करणारा सिंह मान पुढे काढून खाली झुकवतो, तोंड अर्धेच उघडतो, त्याचे ओठ पुढे येतात आणि बरगड्यांखालचे पोट भात्यासारखे आत ओढले जाते. त्यात फारसे दात दिसत नाहीत, म्हणून त्याचे फोटो कॅलेंडरवर येत नाहीत. आपण भिंतीवर, बिल्ल्यावर, शाळेच्या दप्तरावर जे गर्जणारे सिंह पाहत मोठे झालो, त्यांतले बहुतेक बिचारे नुकते उठून आळस देत होते. हे मला नलिनीताईंनी शिकवले.

मुखपृष्ठ मोबाइलवर आले त्या दिवशी मी कुलकर्णी सरांना फोन केला.

"सर, तो जांभई देतोय."

"असेल हो. पण सिंह म्हटला की गर्जना आली."

"नलिनीताईंनी झोपेवर काम केलंय, सर. गर्जनेवर नाही."

"मग जांभई म्हणजे झोपेचंच नाही का? दोन्ही साधलं की." सर आपल्याच उत्तरावर खूश झाले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "कव्हर छपाईला गेलंय, रेखाताई. आता मला का छळता?"

चौकातल्या फलकाबद्दल मी बोलतही नाही. तिथे "बदलापूरच्या वाघिणीस अमृतमहोत्सवी शुभेच्छा" असे लिहिले आहे आणि नलिनीताईंच्या फोटोशेजारी पट्टेरी वाघ आहे. नलिनीताई तो पाहून म्हणाल्या, "वाघ तरी जागा आहे ना? झोपलेला असता तर मला खरंच अभिमान वाटला असता."

त्यांच्या कामाबद्दल लोकांना काय माहीत आहे? एवढेच की बाई सुट्टीत सिंह बघायला जात. आमच्याच महाविद्यालयातले एक वरिष्ठ, त्यांचे नाव घेत नाही, भर बैठकीत म्हणाले होते, "झोपलेल्या सिंहावर संशोधन कसलं करता? आमच्या ऑफिसात येऊन बसा मॅडम, दुपारी तीनला हवे तेवढे दाखवतो." सगळे हसले. नलिनीताईही हसल्या. त्यांना अभ्यासासाठी रजा मिळाली नाही, तेव्हा त्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ लागल्या. लग्नाची सुट्टी, आजारपणाची रजा, सगळी त्यांनी सिंहांना दिली. लग्न त्यांनी केले नाही आणि आजारी पडायला त्यांना वेळ नव्हता.

एका मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. अंबरनाथला आमच्या घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढले होते. मला वाटले होते, सिंह पाहायचे म्हणजे छाती धडधडणार. तसे काही झाले नाही. कोरड्या ओढ्याच्या पलीकडे, जांभळाच्या सावलीत एक सिंहीण आणि तिचे दोन बच्चे वाळूत झोपले होते. अलीकडे खडकाआड आम्ही आणि आमच्याबरोबर दिलेला एक वनरक्षक. ऊन सरकले तशी सावली सरकली. सिंहीण पूर्ण जागी न होता, डोळेही न उघडता, अंग ढकलत सावलीबरोबर सरकली आणि पुन्हा पडली. बच्चे उठले, पेंगत दोन पावले गेले आणि आईच्या पोटावर आदळून तिथेच झोपले. त्या दिवशी मी दुसरे काही पाहिले नाही. घरी परत आल्यावर सगळ्यांनी विचारले, सिंहाने काय केले? मी म्हटले, सावली बदलली.

नलिनीताई हळू आवाजात सांगत राहायच्या. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, कारण त्याला परवडते. हरणाला परवडत नाही. एकदा पोटभर खाल्ले की ते मांस पचवणे हेच त्याचे काम, आणि ते काम झोपेत होते. उन्हात पळून अंग तापवले तर पुढची शिकार हुकते. म्हणून आळशी राजा वगैरे जे आपण म्हणतो ते आपले अज्ञान. तो आळशी नाही, तो हिशेबी आहे. दोन नर भाऊ असले तर एकाचा पंजा दुसऱ्याच्या मानेवर टाकून झोपतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे त्या वारंवार सांगत: झोप कशी आहे ते बघ. पंजांवर हनुवटी ठेवून झोपला असेल तर तो अर्धा पहाऱ्यावर आहे. कुशीवर पडला असेल तर बरा आहे. पण चारही पाय वर करून, पोट आकाशाला दाखवून पाठीवर झोपला असेल, तर त्या जागेवर त्याचा विश्वास आहे. "जंगल चांगलं आहे की नाही," त्या म्हणत, "हे झाडं मोजून कळत नाही. तिथे कोणी पाठीवर झोपतं का ते बघावं."

त्यांचा एक नियम होता. आपल्यामुळे सिंहाचा डोळा उघडला, की ती दुपार आपली नाही. तिथून निघायचे, आणि त्या दिवशी पाहिलेले काहीही नोंदीत धरायचे नाही. त्या ओढ्याकाठी तिसऱ्या दुपारी वनरक्षकाला शिंक आली. सिंहिणीचा कान फिरला, मग एक डोळा उघडला. नलिनीताईंनी लगेच हाताने खूण केली आणि आम्ही मागे सरकत निघालो. तो बिचारा वाटभर हात जोडत होता. त्या म्हणाल्या, "भाई, शिंकेला कोण अडवणार? उद्या येऊ." मग मला म्हणाल्या, "आता ती उठून जे करेल ते आपल्याला दाखवण्यासाठी करेल. मला ते नको. मला ती आपण नसताना जशी असते तशी हवी."

अशा किती दुपारी त्यांनी सोडून दिल्या असतील, देवाला माहीत. त्यांच्या नावावर निबंध थोडे आहेत, म्हणून त्यांना मोठी पदे मिळाली नाहीत. ज्यांनी एका आठवड्यात जंगल उरकले त्यांची पुस्तके निघाली. याचा मला राग आहे, त्यांना नाही. त्यांना राग फार कमी येतो. मी त्यांच्या वतीने येऊ देते.

स्लाइड्सची गोष्ट सांगायला हवी, कारण आजचा वाद त्यांचाच आहे. कॅमेरा त्या दुरून लावत, आवाज होऊ नये म्हणून त्यावर टॉवेल गुंडाळून. घरी आल्यावर फिल्म उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या हरीशभाईंच्या स्टुडिओत जाई. हरीशभाई काउंटरवर दिव्यापुढे एकेक स्लाइड धरत आणि कपाळाला हात लावत.

"दीदी, फिर सोया हुआ? एक तर जागा आणा. दुकान में बडा करके लगाता हूं."

"जागा सबके पास है, हरीशभाई."

"अरे पण गिऱ्हाईक विचारतो, शेर मेला काय? मी सांगतो, नाही बाबा, खाना खाके लेटा है, हमारे साले साहब जैसा." मग ते प्रत्येक स्लाइड स्वतः चौकटीत बसवून देत. त्या कामाला ते कोणाला हात लावू देत नसत.

त्या स्लाइड्स नलिनीताईंच्या बदलापुरातल्या मांजर्लीच्या तळमजल्याच्या घरात, पत्र्याच्या डब्यांत राहिल्या. उल्हास नदी दर काही वर्षांनी त्या गल्लीत शिरते, तशी एका वर्षी ती जास्तच आत आली. वरच्या मजल्यावरच्या सावंत वहिनी हाका मारत होत्या, "अहो बाई, टीव्ही उचला, गॅस उचला." बाईंनी डबे उचलले. टीव्ही गेला, गाद्या गेल्या, कपाट फुगून बसले. काही डब्यांत चिखल गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी त्यांचे विद्यार्थी आले. त्यांनी प्रयोगशाळेतून स्वच्छ पाणी आणले, एकेक स्लाइड हलक्या हाताने धुतली आणि सावंत वहिनींच्या गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी टांगली. दोरीवर ओळीने झोपलेले सिंह. त्या विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त वेळ थांबला तो अभिजित. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्याचे हात चांगले होते. नलिनीताईंचा तो लाडका विद्यार्थी होता आणि तो त्यांना आईसारखे मानत असे. म्हणूनच आजचे जास्त लागते.

अभिजित आता सहली काढतात. चाळिशीतले, यशस्वी, नम्र बोलणारे. गेल्या वर्षी त्यांनी नलिनीताईंना आणि मला आग्रहाने गीरला नेले. "मॅडम, तुम्ही फक्त बसा. सगळं मी बघतो." जंगलाच्या हद्दीबाहेर एका आमराईला लागून त्यांचे विश्रामगृह आहे. आमराईत सिंह येऊन झोपतात, झाडे गर्द असतात, जमीन गार असते. तिथे उघड्या गाडीतून आम्हाला नेले. बरोबर मुंबईचे एक कुटुंब आणि त्यांचे मित्र होते. आंब्याखाली एक नर झोपला होता. पाठीवर. चारही पाय वर. पुढचा एक पाय मनगटातून लोंबत होता, एखाद्याने चहाचा कप खाली ठेवून हात तसाच सोडून द्यावा तसा. नलिनीताईंनी माझा हात धरला. कितीतरी वर्षांनी त्या पाठीवर झोपलेला सिंह पाहत होत्या.

मागच्या सीटवरून कोणी तरी म्हणाले, "हा असाच राहणार का?"

ड्रायव्हरने अभिजितकडे पाहिले. अभिजितने भुवई उचलली. ड्रायव्हरने बाहेर हात काढून गाडीच्या दाराचा पत्रा दोनदा थापटला.

सिंह एका झटक्यात कुशीवर आला. उठून उभा राहिला. त्याने आमच्याकडे पाहिले. मग त्याने डोळे मिटले आणि जबडा फाकून मोठी जांभई दिली. सगळे कॅमेरे वाजले.

"गाडी फिरवा," नलिनीताई म्हणाल्या.

"मॅडम, आत्ताच तर उठलाय," अभिजित म्हणाले.

"उठलाय कुठे? तू उठवलास."

"मॅडम, लोक एवढ्या लांबून झोपलेला सिंह बघायला येत नाहीत. घरी नवरे झोपलेलेच असतात." गाडीतल्या बायका हसल्या. नवरेही हसले.

"मग घरीच थांबावं," नलिनीताई म्हणाल्या. "नवऱ्याच्या दारावर थापट्या माराव्यात. तो चिडला तर कळेल तरी."

त्या सिंहाच्या डाव्या कानामागे जुनी जखम होती, केस न उगवलेली. मुखपृष्ठ पुन्हा पाहा. डावा कान पाहा. हा तोच सिंह आहे आणि ही तीच जांभई आहे. ज्या बाईंनी झोप मोडू नये म्हणून आपल्या अर्ध्या दुपारी टाकून दिल्या, त्यांच्या गौरवग्रंथावर पत्रा थापटून उठवलेला सिंह छापला आहे, आणि वर म्हणे गर्जना.

आता संमतीबद्दल. एका रविवारी गौरव समिती नलिनीताईंच्या घरी आली. कुलकर्णी सर, अभिजित आणि आणखी दोघे. मीही होते. नलिनीताईंनी सगळ्यांना जेवायला घातले: भरली वांगी, भाकरी, वरणभात. जेवणानंतर अभिजितने लॅपटॉप उघडला. खरवईला नव्या संकुलात ते एक वन्यजीव दालन काढत आहेत, त्याची चित्रे दाखवू लागले. दालनाला मॅडमचे नाव. मोठ्या पडद्यावर मॅडमच्या स्लाइड्स. मागून डरकाळ्यांचा आवाज. बाहेर पाटी: "डॉ. नलिनी रोकडे जागता सिंह दालन". जागता. मी दोनदा वाचले. शेवटी सहलींची नावनोंदणी.

नलिनीताई खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या माणसाला जेवणानंतर लॅपटॉपपुढे बसवले तर जे होते ते झाले. त्यांचे डोळे मिटले. अभिजित बोलत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "मग मॅडम, स्लाइड्स दालनाला द्यायच्या ना?"

नलिनीताईंची मान हळूच खाली गेली आणि झटक्यात वर आली.

"झालं," अभिजित म्हणाले. "मॅडम हो म्हणाल्या." कुलकर्णी सरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी नलिनीताई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकू ना सगळ्यांना?"

मी म्हटले, "अहो, त्या झोपल्या होत्या."

"रेखाताई, तुमचं काहीतरीच," कुलकर्णी सर हसत म्हणाले. "मान हलवलेली मी पाहिली ना."

मीही पाहिली. आणि ज्या बाईंनी मला पाहायला शिकवले त्यांच्याच जोरावर सांगते, जागा माणूस होकार देतो तेव्हा मानेबरोबर डोळे असतात. मान खाली जाते आणि तेवढ्याच चालीने वर येते. झोपलेल्याची मान आपल्याच वजनाने हळूहळू पडते आणि दचकून वर येते. पडणे हळू, उठणे झटक्यात. ही संमती नव्हती. ही डुलकी होती. चार शिकलेल्या माणसांनी एका झोपलेल्या बाईच्या मानेवरून तिच्या आयुष्याचा संग्रह उचलला आणि इतिवृत्तात लिहिले, "मॅडमनी मान डोलावून आनंदाने संमती दिली." आनंदाने हा शब्द कोणी घातला हे मला कळलेले नाही. मला ते कळून घ्यायचेही नाही, कारण मग मला त्या माणसाशी बोलावे लागेल.

मी नलिनीताईंना सांगितले तेव्हा त्या आधी खूप हसल्या. "म्हणजे माझ्या झोपेचं निरीक्षण झालं म्हणायचं. आणि चुकीचं झालं." मग त्यांनी अभिजितला फोन लावला, स्पीकरवर.

"अरे, मी झोपले होते त्या दिवशी."

"मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मिनिट्समध्ये आलंय, स्क्रीनवर सगळं सेट आहे, पाहुण्यांना सांगून झालंय. आणि तुमच्या नावानेच आहे ना सगळं?"

"माझ्या नावाने आहे म्हणूनच म्हणतेय."

"मॅडम, घरात पडून पडून स्लाइड्स पुन्हा पुरात जाणार. मी विचार करूनच हे करतोय. चुकीचं बोलतोय का?"

तेवढे अभिजितचे म्हणणे खरे होते, म्हणून नलिनीताईंनी फोन ठेवला. मग मुखपृष्ठाची प्रत उचलून त्यांनी खिडकीशी धरली आणि कानामागची जखम बोटाने दाखवली. मला वाटले त्या रडतील. त्या म्हणाल्या, "सत्कार नको म्हणता येत नाही. लोक येणार, तू साडी नेसणार. पण स्लाइड्स जाणार नाहीत. मंचावर मी भांडणार नाही, तो माझा विद्यार्थी आहे. तू लेख लिहितेयस ना? त्यात लिही. छापलेलं सगळे वाचतात, आणि मग मला बोलावं लागत नाही."

म्हणून हे लिहिते आहे. लेख एका शब्दाची काटछाट न करता छापावा, नाही तर छापू नये, ही माझी अट होती. कुलकर्णी सरांनी तीन दिवस फोन उचलला नाही आणि चौथ्या दिवशी "बरं" म्हणाले. त्यांनी हे "बरं" पूर्ण जागेपणी म्हटले, याची मी खात्री करून घेतली आहे. त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. टाळ्यांबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही.

नलिनीताईंना माझ्या शुभेच्छा साध्या आहेत. गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षे साथ देवोत, डोळ्यांचे ऑपरेशन नीट होवो, नदी मांजर्लीला कमी वेळा येवो, आणि त्या दुपारी झोपलेल्या असताना कोणीही त्यांच्याकडून काहीही मागू नये. शंभरी त्यांनी गाठावी आणि तोपर्यंत मला जगवावे. त्यांच्यामुळे मी माझ्या मुलांना कधी हलवून उठवले नाही. त्यांच्यामुळे शाळेत राहून गेलेले मराठी मी चाळिशीत नीट शिकले, कारण त्यांच्याशी बोलताना मला अर्धवट शब्द वापरायची लाज वाटे. एवढे प्रेम मी आईखेरीज कोणावर केलेले नाही.

आता त्यांनी सांगितलेले आणि मी लिहून घेतलेले, समिती आणि सभागृहातले सर्व यांच्या माहितीसाठी. हे सांगताना सावंत वहिनी हजर होत्या आणि नलिनीताई जाग्या होत्या.

सगळ्या स्लाइड्स, डब्यांसह, रंजना शीद यांच्याकडे जातील. रंजना या नलिनीताईंच्या माजी विद्यार्थिनी, बारवी धरणापलीकडच्या पाड्यातल्या. आता तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवतात. शाळा उंचावर आहे, तिथे पाणी येत नाही. स्लाइड्स आवाज न लावता दाखवायच्या. दुर्बिणीही त्यांनाच. चिखलाने डाग पडलेल्या स्लाइड्स वेगळ्या काढून टाकायच्या नाहीत.

प्रोजेक्टर हरीशभाईंकडे द्यावा. तो बिघडला आहे आणि तो त्यांच्याशिवाय कोणाच्याने सुरू होत नाही. दुरुस्त झाला की त्यांनी तो स्वतः बारवीला पोचवावा. रंजना त्यांना शाळेत जेवू घालतील, आणि ते शाकाहारी आहेत हे लक्षात ठेवावे.

सत्काराची शाल सावंत वहिनींना. नारळ सभागृहाच्या स्वयंपाकघरात फोडून त्याच दिवशीच्या जेवणात वापरावा. पितळी सन्मानचिन्ह, ज्यात सिंहाचा जबडा उघडा आहे, ते समितीने आपल्याकडेच ठेवावे.

या ग्रंथाच्या ज्या प्रती नलिनीताईंना मिळतील, त्यांच्या मुखपृष्ठांना रंजनाच्या शाळेतल्या मुलांनी तपकिरी कागदाची वेष्टणे घालावीत आणि वर प्रत्येकाने आपल्याला हवे ते चित्र काढावे.

अभिजित यांना स्लाइड मिळणार नाही, नाव मिळणार नाही, आणि पडद्यावर जे तयार केले आहे ते सत्काराआधी काढून टाकावे. त्यांना पुढच्या रविवारी नलिनीताईंकडे जेवायला बोलावले आहे. एकट्याने यावे. लॅपटॉप आणू नये. हे शेवटचे कलम मला मान्य नाही, मी तसे त्यांना सांगितले, आणि त्या म्हणाल्या, "तुला मान्य आहे का हे मी विचारलं नाही. वांगी आणायची आहेत, तेवढं लिही."

वांगी मी आणणार आहे.